आमच्या घरात सगळे घोडीवरून पडलेले

माझ्या डाव्या खुब्यात काहीतरी बिघडलंय हे मला सगळ्यात आधी सांगितलं ते माझ्या वडिलांनी, आणि तेही सारंगखेड्याच्या घोडेबाजारात, भर गर्दीत.

आबांनी पंच्याहत्तरी कधीच ओलांडली. कानांना कमी ऐकू येतं, एका डोळ्याचं ऑपरेशन झालंय, डावा पाय आखूड पडल्यामुळे काठीशिवाय चालता येत नाही. तरी दत्तजयंतीची जत्रा भरली की त्यांना घरात बसवणं कोणाच्या बापाला जमत नाही. गावातल्या कोणाला घोडा घ्यायचा असला तर तो आधी आबांना गाडीत घालून बाजारात नेतो. बाकीचे लोक अंगावरचे केसांचे भोवरे बघतात, दात मोजतात. आबा मालकाला एवढंच सांगतात, की घोडा माझ्यापासून लांब चालवत ने. मग मागून दोन्ही पुठ्ठे सारखे खालीवर होतात का ते बघतात. "जनावर चालमा खोटं बोलस नही," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

त्या दिवशी त्यांनी एक पांढराशुभ्र घोडा असाच नापास केला होता. मालक तोंड वाकडं करून उभा होता आणि मी चहा सांगायला पुढे निघालो, तेवढ्यात मागून हाक आली.

"थांब रे. फिरी ये. आते आनी एकदाव चाल."

आजूबाजूचे हसायला लागले. सेहेचाळीस वर्षांचा माणूस, तालुक्याच्या गावी राहून हायस्कुलात विज्ञान शिकवणारा, आणि बाप त्याला घोड्यासारखा चालवून बघतोय. मी चिडूनच चाललो.

"तू डावा पाय जपी ऱ्हायना," आबा म्हणाले. "कवयपासून?"

"दोन-तीन महिना झायात. मोटारसायकलनी दुखस."

मग त्यांनी एक विचित्र प्रश्न विचारला. "तू घोडावर कवय बठना का? माले न सांगता?"

"कसा बठसू आबा? तुम्ही बठू दिधं का?"

आबा काठीनं माती उकरत राहिले. मी सांगितलेला चहा आला, पार गार झाला, तरी त्यांनी तो घेतला नाही.

तो प्रश्न विचित्र का होता हे कळायला आमचं घर माहीत हवं. आमच्या घरातले पुरुष लंगडतात. आबा लंगडतात, त्यांचे थोरले भाऊ, म्हणजे आमचे मोठे काका, मरेपर्यंत लंगडत होते. दोघांचा दुखावला तो खुबाच, आणि दोघांचं कारण एकच, घोडीनं पाडलं. आमच्याकडे ही लाजायची गोष्ट नव्हती, उलट मिरवायची होती. जो बसतो तोच पडतो, असं मोठे काका म्हणायचे.

आबांची गोष्ट तर मला तोंडपाठ होती. तापीच्या पुलाजवळ समोरून ट्रक आला, ड्रायव्हरनं हॉर्न मारला, घोडी दोन पायांवर उभी राहिली, आबा दगडावर पडले पण लगाम काही सोडला नाही, आणि तसेच लंगडत घोडी धरून घरी आले. मी मोठा होत गेलो तशी गोष्टही मोठी होत गेली. एका वर्षी दोन ट्रक झाले. अलीकडे तर तापीला पूरही आला होता.

तेव्हा मी आठ वर्षांचा होतो. घोडी तांबडी होती, कपाळावर पांढरा ठिपका. मी तिला चोरून गूळ खाऊ घालायचो आणि ती तळहात चाटून पुसून कोरडा करायची. येत्या दसऱ्याला तुला तिच्यावर बसवीन, असं आबांनी मला कबूल केलं होतं. दसऱ्याच्या आधीच घोडी विकली गेली. मी दोन दिवस जेवलो नाही. आबांनी सगळ्यांसमोर सांगून टाकलं की या घरात आता घोडं येणार नाही आणि माझी पोरं घोड्यावर बसणार नाहीत.

आम्ही दोघा भावांनी ते इतकं पाळलं की माझ्या लग्नात मी घोडीवर न बसता जीपमधून मांडवात गेलो. घोड्यांच्या गावचा नवरदेव जीपमधून! सासरची माणसं अजून त्यावरून टोमणे मारतात.

दारूला मात्र कोणी कधी बंदी केली नाही. डेअरीला दूध घालून झालं, की आबा आणि मोठे काका गोठ्याच्या ओट्यावर स्टीलचे पेले घेऊन बसायचे. भांडण नाही, आरडाओरडा नाही, शिवी नाही. रोजचं म्हणजे रोजचं. मला नोकरी लागली त्या संध्याकाळी आबांनी तिसरा पेला स्वतः भरला आणि म्हणाले, "आते तू कमावता झाया. बठ." मला किती अभिमान वाटला होता, ते आज आठवलं तरी अंगावर काटा येतो.

असो. खुब्याचं दुखणं काही जाईना. जांघेत कळ यायची, ती मांडीतून गुडघ्यापर्यंत उतरायची. मी वर्गात एका जागी उभा राहून कधीच शिकवलेलं नाही, फिरत फिरत शिकवतो. आता फिरलो की दुखायचं आणि थांबलो की जीव कासावीस व्हायचा. एकानं सांधेवात सांगितला, दुसऱ्यानं नस दबल्याचं सांगितलं, तिसऱ्यानं तेल दिलं. साधा एक्स-रे काढला, त्यात काही दिसलं नाही. शेवटी बायकोनं हट्ट धरला आणि आम्ही सुरतला हाडांच्या डॉक्टरांकडे गेलो. तिथे एमआरआय झाला. डॉक्टर मूळचे खानदेशातलेच निघाले, त्यामुळे बोलणं मराठीत झालं.

"दारू घेता?" त्यांनी फिल्मवरची नजर न काढता विचारलं.

"कधीमधी," मी म्हणालो.

"रोज," बायको म्हणाली. "वीस वर्षं. सणावाराला जास्त."

मी तिच्याकडे रागानं बघितलं. तिनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

डॉक्टरांनी फिल्म उजेडावर धरली आणि पेनानं दाखवलं. मांडीच्या हाडाच्या वरच्या टोकाला गोळा असतो, तो खुब्याच्या वाटीत फिरतो. त्या गोळ्याला रक्त पोचवणाऱ्या नळ्या अगदी बारीक असतात. वर्षानुवर्षं दारू पोटात गेली, की रक्तातली चरबी बिघडते, नळ्या तुंबतात, आणि हाड जागच्या जागी मरायला लागतं. मेलेलं हाड काही दिवस भार सोसतं, मग एके दिवशी खचतं. माझं अजून खचलेलं नव्हतं. हाडाला भोक पाडून आतला दाब कमी करता येईल, काही महिने कुबड्या वापराव्या लागतील आणि दारू कायमची बंद करावी लागेल, असं त्यांनी सांगितलं. एवढं करूनही खचणार नाही याची खात्री ते देऊ शकत नव्हते.

मला राग आला. स्वतःचा यायला हवा होता, तो डॉक्टरांचा आला. "आमच्या गावात माझ्या दुप्पट पिणारे आहेत. ते शेतात टणाटण उड्या मारतात. मग मलाच का?"

"हा प्रश्न बरोबर आहे," ते म्हणाले. "पिणाऱ्या सगळ्यांना हे होत नाही. तेवढ्याच दारूनं एकाचं हाड मरतं, दुसऱ्याचं मरत नाही. त्यात काही भाग रक्तातून आलेला असू शकतो. दारू शरीरात कशी पचते, रक्त किती लवकर गोठतं, चरबी कशी हाताळली जाते, हे माणसागणिक वेगळं असतं आणि बरंचसं आईबापांकडून येतं. घरात आणखी कोणाला असा त्रास?"

"वडील लंगडतात. काका पण लंगडायचे. पण त्यांचं वेगळं आहे. ते घोडीवरून पडले होते."

"दोघेही?"

"हो."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "आणि तुम्ही?"

"मी तर घोड्यावर बसलोच नाही कधी."

बायकोनं पदर तोंडाला लावला, हसू आलं म्हणून की रडू आलं म्हणून ते मी तिला अजून विचारलेलं नाही.

"पडल्यानंही गोळ्याचं रक्त तुटतं, हे खरं आहे," डॉक्टर सावकाश म्हणाले. "म्हणून एवढं एक विचारून या. वडील खरंच पडले होते का? पडले असतील तर हे रक्तातून आल्याचा धागा कच्चा आहे. नसतील तर पक्का. तुम्हाला भाऊ आहे?"

"धाकटा. अडतीस वर्षांचा."

"घेतो?"

या वेळी बायको बोलायच्या आधी मीच बोललो. "रोज."

"मग उत्तर तुमच्यापेक्षा त्याला जास्त लागणार आहे. त्याचं हाड वाचायला अजून वेळ असेल."

मी विचारलं, की रक्ताची एखादी चाचणी नाही का, जी करून धाकट्याला होणार की नाही ते कळेल? ते म्हणाले, असा एका रेषेचा निकाल देणारी चाचणी आज नाही. संशोधक बरेच जीन तपासतायत. एखाद्या जीननं धोका थोडा वाढतो, दुसऱ्यानं थोडा कमी होतो, पण हो किंवा नाही असं लिहून देणारा कागद कोणाकडे नाही.

आणि मला नेमका तो कागदच हवा होता. परतीच्या गाडीत मी खिडकीशी बसून सारखा तोच विचार करत होतो. नोकरीची पहिली नऊ वर्षं मी डोंगरात, मोलगीकडे काढली. तिथे दरवर्षी सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या तपासणीचं पथक यायचं, पोरांच्या बोटातून रक्त घ्यायचं आणि प्रत्येकाला कार्ड मिळायचं. आजारी, वाहक, निरोगी. मी फळ्यावर चौकोन आखून पोरांना समजावायचो, की दोन वाहकांचं लग्न झालं तर लेकरात काय येतं. त्या आजारातही खुब्याचं हाड मरतं. माझ्या वर्गातली एक मुलगी बाकावरून उठताना टेबलाला धरून उठायची. तिच्याकडे कार्ड होतं. तिच्या आईनं, जिला अक्षर वाचता येत नव्हतं, ते कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत घालून खांबाला टांगून ठेवलं होतं.

मला तेव्हा काय वाटायचं ते आता सांगून टाकतो. मला वाटायचं, रक्तातून येणारे आजार ही डोंगरातल्या माणसांची गोष्ट आहे. दारूही त्यांचीच. आमची तापीकाठची काळी जमीन, केळी, पपई, पक्की घरं, आमच्याकडे कसलं रक्त नि कसली आनुवंशिकता! आमच्याकडे फक्त घोडी पाडते. नववीच्या पोरांना मी आनुवंशिकता शिकवत होतो आणि माझ्या घरातल्या दोन लंगड्या माणसांकडे माझी नजर एकदाही गेली नाही. खाण तशी माती ही म्हण मी उदाहरण म्हणून द्यायचो, तीही कोणत्या तोंडानं देत होतो कोण जाणे.

ऑपरेशन झालं. काखेत कुबड्या आल्या. डाव्या पायावर भार टाकायचा नाही, मांडी घालून बसायचं नाही, फिरायचं नाही. मला पलंगाला बांधलं असतं तरी चाललं असतं, पण हे 'फिरू नका' मला मारत होतं. संध्याकाळ झाली की हात थरथरायचे. मी खुर्चीतून उठायचो, दारापर्यंत जायचो, परत यायचो, बायको ओरडायची, मी बसायचो, पुन्हा उठायचो. दारू सुटली तसा मी चिडका झालो. आमटी पातळ झाली तरी मी भांडायचो.

आणि या सगळ्यात एक प्रश्न जिभेवर येऊन परत जायचा. आबा, तुम्ही खरंच पडलात का? एवढं विचारायला काय लागतं? पण आबांकडे दुसरं होतंच काय? जमीन धाकट्याच्या हाती गेली, आई कधीच गेली. उरला तो घोडेबाजारातला मान आणि ती पुलावरची गोष्ट. ती त्यांच्याकडून काढून घ्यायची माझी हिंमत होत नव्हती. फोनवर मी पिकाचं विचारायचो, पावसाचं विचारायचो, आणि ठेवून द्यायचो. ठेवला की स्वतःलाच शिव्या द्यायचो.

शेवटी एका रविवारी सकाळी बायकोनं मला गाडीत घातलं आणि आम्ही गावी गेलो. आबा अंगणात खाटेवर बसले होते. धाकटा केळीच्या बागेतून नुकताच आला होता, पाय धूत होता. मला कुबड्यांवर उतरताना बघून तो धावत आला.

"भाऊ, हाई काय करी लिधं?"

मी त्याला सगळं सांगितलं. गोळा, नळ्या, चरबी, दारू. रक्तातून येतं तेही सांगितलं. तू आजपासून बंद कर, असंही सांगितलं. मी शिक्षक आहे, समजावून सांगणं हे माझं पोट भरायचं काम, पण त्याच्या चेहऱ्यावर काही उमटत नव्हतं. त्यानं टॉवेलनं पाय पुसले आणि हसला.

"भाऊ, तुन्हं नशीब खराब. आबा घोडीवरथीन पडना, काकाबी पडना. माले काय व्हनार शे? मी कोठे घोडावर बठस?"

मी आबांकडे बघितलं. त्यांना ऐकू कमी येतं, पण हे ऐकू गेलं होतं. त्यांनी काठी दोन्ही हातांत धरली होती.

मी विचारलं नाही. मला शपथ घ्यायला लावा, मी विचारलं नाही. त्यांनीच सुरू केलं, धाकट्याकडे न बघता, समोरच्या रिकाम्या गोठ्याकडे बघत.

"मी पडनू नव्हतू."

धाकट्याचा टॉवेल हातातच राहिला.

"पाय असाच दुखाले लागना. धुळाले दखाडाले गऊ. डाक्टर बोलना, दारू सोड, नही ते पाय जाई. घर येता येता इचार करा, मन्ही मायले काय सांगू? लोकेस्ले काय सांगू? घोडीनी पाडं, आसं सांगी टाकं. सगळास्ले पटनं."

"आनी मोठा काका?" मी विचारलं.

"त्यानी मन्हं ऐकीसन तेच सांगं."

धाकटा हसायच्या बेतात होता, पण हसला नाही. बायको ओसरीच्या पायरीवर खाली बसली. माझ्या मनात खुबा नव्हता, धाकटाही नव्हता, हे कबूल करतो. आठ वर्षांचा मी उपाशी बसलो होतो, तेच आठवत होतं.

"मंग घोडी का इकी, आबा?"

"पाडनारी घोडी घर ठेवी तर लोके इचारतीन ना, मंग पडना कसा?" ते म्हणाले. "पाडनारी म्हनीसन कोनी बठाले लिधी नही. नंदुरबारले टांगाले गई. मी दोन सालमा एकदाव देखी तिले, ठेसनजवळ. तिनी माले वळखं."

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ते माझ्या बापानं केलं होतं आणि पुढची चाळीस वर्षं घरात सगळ्यांनी त्या संन्याशाला शिव्या दिल्या होत्या. मीही दिल्या होत्या. मला ओरडावंसं वाटलं, की तुम्हाला डॉक्टरनं सांगितलं होतं, तुम्हाला माहीत होतं, आणि तरी तुम्ही माझा पेला स्वतःच्या हातानं भरलात? पण त्यांच्या नाकाच्या शेंड्यावर पाणी लोंबत होतं आणि ते पुसायचंही त्यांना भान नव्हतं. मी ओरडलो नाही. खुर्चीत बसवेना, म्हणून कुबड्या घेऊन उभा राहिलो.

आबांनी काठीनं धाकट्याला खूण केली.

"चाल."

"काय आबा तुम्हीबी..."

"मी सांगी ऱ्हायनू ना, चाल. त्या लिंबडापावत."

अंगणाला फरशी आहे. धाकटा पाय धुतल्याच्या पाण्यातून अनवाणी चालत कडुलिंबापर्यंत गेला. आबा खाटेवर पुढे वाकून, चांगला डोळा बारीक करून बघत होते. त्यांनी त्याला परत बोलावलं, पुन्हा पाठवलं. तिसऱ्यांदा तो लिंबाशी पोचला तोवर फरशीवरचे ओले ठसे पुसट झाले होते. मीही कुबड्यांवर उभा राहून त्याच्या खुब्यांकडे बघत होतो. एवढे दिवस मला हवा होता तो कागद कोणी देऊ शकत नव्हतं, आणि आता मी तो एका डोळ्यानं अधू असलेल्या म्हाताऱ्याकडून मागत होतो.

"आते बरा शे," आबा म्हणाले.

मी हसलो. धाकटाही लिंबाखाली उभा राहून हसला.

"घोडी व्हती तवय मी बी असाच चालत व्हतू," आबा म्हणाले.

धाकट्याचं हसू गेलं. तो तिथेच थोडा वेळ उभा राहिला. परत ये म्हणून त्याला या वेळी कोणी सांगितलं नाही. तरी तो आला, आणि येताना स्वतःच्या पायांकडे बघत आला.